चाळीसातले पाच धडे

फुकट मिळालेलं नाकारायचं नाही, हा आमच्या घरचा जुना नियम. माळ्यावर स्टीलचे चार डबे आहेत, चारही डब्यांवर वेगवेगळ्या पतसंस्थांची नावं कोरलेली आहेत आणि आमचं त्यांतल्या एकाही पतसंस्थेत खातं नाही. त्यामुळे जगभरातली विद्यापीठं आपले धडे इंटरनेटवर फुकट मांडून बसली आहेत हे मला कळलं, त्या दिवशी नवऱ्यानं कपाळाला हात लावला. तो भोसरीत एका वर्कशॉपमध्ये टर्नर आहे, मोजकंच बोलतो. म्हणाला, “डबे निदान माळ्यावर तरी मावले.”

हे कळायला कारणीभूत झाल्या माझ्या पोटऱ्या. मी चाकणच्या एका कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला आहे. मोटारीच्या दाराच्या बिजागरीत करंगळीएवढी पिन असते, ती बनवून झाली की आम्ही तपासतो. अठरा वर्षं मी त्या टेबलाशी उभी होते. उभीच, कारण बसून पिना नीट तपासता येत नाहीत असं कुणीतरी कधीतरी ठरवलं होतं, आणि ज्यानं ठरवलं तो नक्की खुर्चीत बसून ठरवत असणार. दोन वर्षांपूर्वी पोटऱ्यांवर निळ्या शिरा उठायला लागल्या. दिघीतल्या डॉक्टरांनी बोटानं दाबून बघितल्या आणि म्हणाले, “उभं राहणं कमी करा, नाहीतर पुढं ऑपरेशन.” मी म्हटलं, “डॉक्टर, हे आमच्या कंपनीच्या लेटरहेडवर लिहून घ्यायचं की तुमच्या?” ते हसले. मला हसू आलं नव्हतं.

आणि त्याच महिन्यात सकाळच्या मीटिंगला आमच्या साहेबांनी जाहीर केलं की ट्रेनिंग रूमला माणूस हवाय. नवीन भरती झालेल्या मुलामुलींना लाइनवर सोडायच्या आधी तिथं आठ दिवस शिकवतात. जनरल शिफ्ट, म्हणजे सकाळ-दुपार-रात्र असं फिरायचं नाही. टेबल, फळा, पंखा. खुर्चीचं नाव साहेबांनी घेतलं नाही, पण ट्रेनिंग रूमला मोठी काच आहे आणि त्या काचेतून ती खुर्ची मला रोज दिसायची.

अट अशी होती की इंटरनेटवर मोजमाप आणि संख्याशास्त्र या विषयाचा चाळीस धड्यांचा एक फुकट कोर्स आहे, तो करून सर्टिफिकेट आणायचं. मग प्लँट हेडसमोर नव्या पोरांचा एक तासाचा वर्ग घेऊन दाखवायचा. मुदत अडीच महिने. कुणी निघालं नाही तर बाहेरून इंजिनिअर आणणार. मी हात वर केला. माझ्या आजूबाजूला कुणाचाच हात नव्हता, म्हणून मी तो आणखी वर केला. शिकवायची हौस वगैरे नंतर आली. आधी खुर्ची.

कोर्सला नाव घातलं ते बसमध्येच. आमची बस दिघीहून निघते आणि मोशी ओलांडली की कंटेनरांच्या मागं रांगत चाकणला पोचते. तेवढ्या वेळात माणसाची झोपही होते आणि भांडणही. मी फोन उघडला. पहिल्या धड्यात एक टक्कल पडलेले प्राध्यापक फळ्यावर रेघा मारत सांगत होते की मोजणं म्हणजे काय. अठरा वर्षं मोजत आलेल्या बाईला मोजणं म्हणजे काय हे कळून घ्यायचा उत्साह किती असणार? मी दोनदा डुलकी घेतली. जागी झाले तेव्हा धडा संपला होता आणि पडद्यावर खाली लिहून आलं होतं की हा धडा बघणाऱ्यांनी ज्वालामुखींचा कोर्सही बघितला.

आता मला सांगा, मोजमापाचा आणि ज्वालामुखीचा काय संबंध? पण तो फुकट होता.

ज्वालामुखीच्या शेजारी मधमाश्या होत्या. मधमाश्यांच्या शेजारी फ्रान्सची राज्यक्रांती, तिच्या शेजारी कराराचा कायदा, अर्थशास्त्र, मानसशास्त्र, माणसाचं शरीर, खगोलशास्त्र, सागरी जीव. कुठंही नाव घालायला एक बोट लागत होतं. मी बारावीला गणितात दोनदा आपटले होते. पुढं कॉलेजला गेले तर ऑफिसच्या खिडकीतल्या माणसानं माझं गुणपत्रक बघून नुसती मान हलवली आणि “पुढचा” म्हणाला. त्या माणसाचा मला अजून राग आहे. आणि इथं मी समुद्रातल्या प्राण्यांच्या वर्गात नाव घातलं, तर कुणी मार्क विचारले नाहीत, वय विचारलं नाही, उलट आल्याबद्दल माझेच आभार मानले. मोशीच्या सिग्नलला माझे डोळे भरून आले होते, ते मी शेजारणीपुढं धुळीवर ढकललं.

आठवड्याभरात मी तेवीस विषयांची विद्यार्थिनी झाले. मग शांतपणे हिशोब मांडला. एकेका विषयाचे चाळीसेक धडे धरले तरी नऊशेच्या वर जात होते. अडीच महिने आणि ती बस. मला घाम फुटला. एखादी शहाणी बाई असती तर तिनं बावीस विषय सोडून दिले असते. पण फुकट मिळालेलं सोडायचं म्हणजे ताटात वाढलेलं टाकण्यासारखं, आणि ते मला जमत नाही.

तोडगा मला टेबलाशी काम करता करताच सुचला. आमच्याकडं पिना एका खोल लोखंडी पेटीत येतात, तिला आम्ही बिन म्हणतो. एका बिनमध्ये पाचशे पिना. पाचशेच्या पाचशे कोण तपासणार? त्यातल्या पाच उचलायच्या, गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, घालून बघायच्या, पाचही बसल्या की अख्ख्या बिनला हिरवा टॅग. सॅम्पल ओके, लॉट ओके. या पद्धतीवर रोज हजारो पिना गाड्यांत बसतात आणि दारं मुकाट्यानं उघडतात, मिटतात. जी पद्धत दारांना चालते ती विद्येला का चालू नये?

ठरलं. प्रत्येक विषयाचा पहिला, दहावा, विसावा, तिसावा आणि चाळिसावा धडा बघायचा. पाचही कळले तर विषय ओके.

माझी प्रगती थक्क करणारी होती. फ्रान्समध्ये पावाची टंचाई झाली होती, हे मला पहिल्या धड्यात कळलं. दहाव्यात लोक एका तुरुंगावर चाल करून गेले होते. विसाव्यात राजा कुठं दिसेना. त्याचं काय झालं हे मी कुणाला विचारलं नाही, रजेवर असेल असं धरून चालले. माणसाचं शरीर मी हृदय, मूत्रपिंड, डावा कान आणि अन्ननलिका एवढ्या ठिकाणी तपासलं, चारही ठिकाणी ठीक निघालं. पाचव्या धड्यात प्राध्यापक सगळ्यांचा निरोप घेत होते, तेही मी ओके धरलं. कराराच्या कायद्याचा दहावा धडा बघून मी बसच्या ड्रायव्हरला बजावलं की थांब्यावर न थांबणं हा करारभंग आहे. तो म्हणाला, “ताई, माझा करार कॉन्ट्रॅक्टरशी आहे, तुमच्याशी नाही.” हे बहुतेक अकराव्या धड्यात असणार.

पण कॅन्टीनमध्ये माझा भाव वधारला. कुणी काहीही विषय काढला की माझ्याकडं त्यातले पाच नग तयार असायचे. मधमाश्या नाचून एकमेकींना फुलांचा पत्ता सांगतात हे मी सांगितलं, तेव्हा अख्खं टेबल जेवायचं थांबलं. पुढं एकीनं विचारलं, “मग पाऊस असला की?” मी गंभीर चेहऱ्यानं म्हटलं, “तो फार मोठा विषय आहे.” माहीत नसलेल्या गोष्टीला मोठा विषय म्हणायचं, हे मी कुठल्याही धड्यात न शिकता शिकले. बायका मला बाई म्हणायला लागल्या आणि मला ते आवडायला लागलं, हे कबूल करते.

घरी मात्र माझी डाळ शिजत नव्हती. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या दिघीच्या मूळच्या. त्यांच्या शेतावर आता इमारती आहेत आणि त्यातल्याच एकीत दुसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. आलेल्या पाहुण्याला त्या खिडकीतून खालचं पार्किंग दाखवतात आणि सांगतात, “ह्ये सम्दं कांद्याचं रान हुतं.” एका संध्याकाळी मी खगोलशास्त्राचा तिसावा धडा बघत होते. पुढं कधीतरी सूर्य विझणार, असं मी त्यांना वाचून दाखवलं. आत्यांनी वर छताकडं बघितलं. मग माझ्या नवऱ्याला हाक मारून म्हणाल्या, “आरं, मग गच्चीवरच्या टाकीचं काम कशापायी काढलं?”

सूर्य त्यांना पसंत पडला नाही. पण मातीचा कोर्स लागला आणि त्या फोनपुढं सरसावून बसल्या. त्याला मराठी आवाज दिलेला होता. शिकवणाऱ्याला त्या मास्तर म्हणायच्या आणि त्याच्याशी वाद घालायच्या. “काळी माती पानी धरून ठेवती म्हनं! मास्तर, आमी काय बांधावर गोट्या खेळत हुतो व्हय?” पहिला धडा संपल्यावर मी दहावा लावला तशी त्यांनी माझा हात धरला.

“दुसरा कुठं हाय?”

मी त्यांना माझी पद्धत समजावली. पाच बघायचे, लॉट पास. आत्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “अगं, बुवानं पूर्वरंग म्हनला का लगीच आरती करत्यात व्हय? आमी चाकणच्या बाजारात कांदा न्यायचो तवा तुझं सासरं गोणीच्या तोंडाशी मोठमोठं कांदं रचायचं. खाली सम्दी गोलटी. पर व्यापारी काय येडा न्हवता. त्यो एक गोणी पुरी उलटी करायचा. वरचं पाच कांदं बघून कोन घेतंय?”

“आत्या, हे कांदे नाहीत. हे ज्ञान आहे.”

“मंग तर दोन गोण्या उलट्या कर,” त्या म्हणाल्या.

मी हसण्यावारी नेलं. त्या रोज संध्याकाळी एक धडा याप्रमाणे माती पहिल्यापासून ऐकत राहिल्या, आणि एखाद्या दिवशी फोन माझ्याबरोबर दुसऱ्या शिफ्टला गेला तर दुसऱ्या दिवशी माझ्याशी धड बोलायच्या नाहीत.

मोजमापाच्या कोर्सचे मी अर्थातच पाच धडे बघितले. तो बाकीच्या बावीस विषयांपेक्षा वेगळा वागवावा असं मला वाटलं नाही, कारण तो विषय तर माझ्या हातातलाच होता. शेवटी घरबसल्या परीक्षा होती. प्रश्नाखाली चार उत्तरं, त्यातलं एक निवडायचं. पाच धड्यांवरचे प्रश्न मला आले. काही टेबलावरच्या अनुभवानं सुटले. उरलेल्यांना मी देवाचं नाव घेऊन बोट लावलं. काठावर पास झाले, पण सर्टिफिकेटवर काठ दिसत नाही. नवऱ्यानं ते भोसरीतून लॅमिनेट करून आणलं. इतकं जाड की पोळ्या लाटता आल्या असत्या. फ्रिजवर लावताना त्यानं ते सरळ आहे का ते लांब जाऊन बघितलं.

वर्गाच्या दिवशी मी एप्रनला इस्त्री केली होती. ट्रेनिंग रूममध्ये पंधरा नवीन पोरंपोरी होती. परभणी, बीड, नंदुरबार, कुडाळ, जिथून तिथून आलेली, सगळ्यांच्या पायात कोरे सेफ्टी शूज. मागच्या भिंतीशी प्लँट हेड आणि वही घेऊन आमचे साहेब. पहिला अर्धा तास मी मैदान मारलं. मोजणं म्हणजे काय, हा पहिला धडा मला आता चांगला येत होता. पोरं हसली, साहेबांची मान हलली, आणि मी मनातल्या मनात त्या खुर्चीची उंची माझ्या मापाला करून घेतली.

मग सॅम्पलिंगवर आले. साहेबांनी पिनांनी भरलेली एक बिन मुद्दाम आणवली होती. मी त्यातून पाच पिना उचलल्या, गेजमध्ये घातल्या, पाचही बसल्या, मी बिनला हिरवा टॅग बांधला आणि वर्गाकडं बघितलं. जादूगार बघतो तसं.

दुसऱ्या रांगेतल्या परभणीच्या मुलीनं हात वर केला. “मॅडम, पाच चांगल्या निघाल्या म्हणून पाचशे चांगल्या, हे कशावरून म्हणायलाव?”

“तसा नियम आहे.”

“नियम हाय ते कळालं. पर तो नियम कशावरून आला?”

माझ्या डोक्यात त्या क्षणी ज्वालामुखी होता, मधमाश्या होत्या, फ्रान्सचा पाव होता, डावा कान होता. हे एक उत्तर तेवढं नव्हतं. नंतर मी बघितलं तर ते अकराव्या धड्यात सविस्तर दिलेलं होतं. मी दहावा संपवून विसाव्यावर उडी मारली होती.

हा फार मोठा विषय आहे, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण त्या पोरीच्या चेहऱ्यावर खवचटपणा नव्हता. तिला खरंच कळून घ्यायचं होतं. आणि आठ दिवसांनी हीच पोर माझ्या टेबलाशी उभी राहून टॅग बांधणार होती. माझी जीभ रेटेना.

“मला माहीत नाही,” मी म्हटलं. “चाळीस धडे आहेत. मी पाचच बघितलेत.”

साहेबांचं पेन थांबलं. खुर्ची गेली, हे मला कळलं. आणि गंमत म्हणजे ती गेल्यावर मला बोलायला सोपं झालं.

“पण पाचावरून पाचशे कधी ओळखता येत नाहीत, ते मला माहीत आहे,” मी म्हटलं. आणि जे चार वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगून टाकलं.

चार वर्षांपूर्वी आमचा एक लॉट गिऱ्हाईक कंपनीकडून परत आला होता. त्या दिवशी शिफ्टच्या सुरुवातीला मशीनचं सेटिंग नीट बसलं नव्हतं. नीट बसेपर्यंत शंभरेक पिना जाड निघाल्या. त्या पहिल्या म्हणून बिनच्या तळाला गेल्या, वर सगळा चांगला माल. नियम असा की सॅम्पल वरून, मधून आणि तळातून घ्यायचं. तळातलं घ्यायला त्या खोल पेटीत कमरेतून वाकावं लागतं. त्या महिन्यात माझी कंबर धरली होती, वाकवत नव्हतं. मी वरच्याच पाच उचलल्या आणि कार्डावर वर, मध्ये, तळ अशा तिन्ही रकान्यांत बरोबरच्या खुणा केल्या. लॉट परत आला तेव्हा मेमो मिळाला मशीन लावणाऱ्या सेटरला. मी गप्प बसले. तो पुढं कंपनी सोडून तळेगावला गेला.

“म्हणून वरचे पाच घेऊ नकोस,” मी त्या मुलीला म्हटलं. “तळाला हात घाल. कंबर-पाय दुखत असतील तर तसं ओरडून सांग, पण खोटी खूण करू नकोस.”

ती वहीत लिहून घ्यायला लागली. माझी आयुष्यभराची लाज ती मुद्दे पाडून लिहीत होती, आणि तिच्या शेजारचा तिचं बघून उतरवत होता.

प्लँट हेड उठून पुढं आले. बिनशी गेले, बाही वर केली आणि वाकून तळाला हात घातला. उंच माणूस. वर येताना त्यांनी कमरेला हात लावला. मला म्हणाले, “असं वाकवत नाही अशा अजून किती जणी आहेत?”

“साहेब, वाकवतं अशा किती ते विचारा. लवकर मोजून होईल.”

हे जरा जास्त झालं, असं साहेब मला नंतर म्हणाले. झालंच होतं.

पुढच्या पंधरा दिवसांत फॅब्रिकेटर आला आणि लाइनवरच्या प्रत्येक बिनखाली लोखंडी स्टँड लागलं. बिनची पुढची बाजूही उघडणारी करून घेतली. आता तळातली पिन उभ्यानं हाताला लागते. सुधारणांच्या फळ्यावर आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो लागले, आणि ही कल्पना कुणाची या ओळीपुढं आमच्या साहेबांचं नाव लागलं. मला मेमो मिळाला, चार वर्षं उशिरा. तो मी कमावलेलाच होता, सही करून घेतला. तळेगावच्या सेटरला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, “ताई, सेटिंग माझंच चुकलं होतं. पण एवढे दिवस मला वाटायचं, मी एकटाच चुकलो.” मी त्याच्या जागी असते तर मला इतकं चांगलं बोलता आलं नसतं.

ट्रेनिंग रूमला बाहेरून इंजिनिअर आला. तरुण, नीटस, चांगला मुलगा होता, त्यामुळे त्याचा धड रागही करता येईना. काचेतून मला तो खुर्चीत बसलेला दिसायचा. मी त्या दिवसांत बसमध्ये रडले आहे, धुळीवर न ढकलता. मला ती जागा माझ्या चुकीनं गेल्याचं दुःख नव्हतं तेवढं, तेवीस विषयांत नाव घालून एकही हाताला लागला नाही याचं होतं. मग मी बावीस विषयांतून नाव काढलं, मातीत माझ्याऐवजी आत्यांचं घातलं. काढताना प्रत्येक ठिकाणी पडद्यावर प्रश्न यायचा, का जाताय? कारण निवडा. वेळ नाही, आवडला नाही, फार अवघड. माझं कारण त्यात नव्हतं.

उरलेला एक मी पहिल्यापासून सुरू केला. दुसरा, तिसरा, चौथा. टक्कलवाले प्राध्यापक मला आता आवडायला लागले होते. अकराव्यात ते म्हणाले की पाचावरून पाचशे ओळखायचे असतील तर सगळे नग एकाच सेटिंगवर निघालेले असायला हवेत, आणि उचलायचे तेही सगळीकडून. मी बसमध्ये मोठ्यानं “अगं बाई” म्हटलं. कुठले दोन धडे एका सेटिंगवरचे असतात? एवढं न कळता मी अठरा वर्षं टॅग बांधत होते. त्या दिवशी दुपारी परभणीच्या मुलीच्या टेबलाशी मुद्दाम जाऊन मी तिला तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. तिनं ते आधीच शोधून काढलं होतं. तरी पूर्ण ऐकून घेतलं.

चाळीस धडे पूर्ण व्हायला मला तीन महिने लागले. तोवर आत्यांची माती संपून त्यांनी पाणी सुरू केलं होतं.

तो इंजिनिअर पाचव्या महिन्यात रस्त्यापलीकडच्या मोठ्या कंपनीत गेला. चाकणला ही काही बातमी नव्हे, तिथं इंजिनिअर मुक्कामाला येतात. एका सोमवारी चहाच्या वेळी साहेब माझ्या टेबलाशी आले, ट्रेनिंग रूमची किल्ली पिनांच्या शेजारी ठेवली आणि म्हणाले, “उद्यापासून जनरल शिफ्टला या. चाळीसच्या चाळीस झालेत ना?” मी म्हटलं, “झालेत.” ते जायला निघाले, पुन्हा वळले आणि म्हणाले, “कुठलाही मधला विचारू?” मी म्हटलं, “विचारा.” त्यांनी विचारला नाही.

मंगळवारी नऊ वाजता नवीन बारा जण समोर बसले होते. मी फळ्यावर विषय लिहिला, हजेरीचा कागद घेतला आणि त्या खुर्चीत बसले. चांगली मऊ होती. दोनेक मिनिटं गेली असतील, आणि माझ्या दोन्ही पोटऱ्या एकदम ठणकायला लागल्या, कधी दुखल्या नव्हत्या इतक्या. शिफ्टभर उभी राहायचे तेव्हा त्या मुकाट्यानं उभ्या राहायच्या. आता काम सुटलं म्हटल्यावर अठरा वर्षांचं सगळं एकदम सांगायला लागल्या. मी वाकून त्या हातांनी धरल्या. कागदावरची नावं मला दिसेनाशी झाली.

पुढच्या बाकावरची एक पोर अर्धवट उठली. “मॅडम, काय झालं?”

“काही नाही गं,” मी म्हटलं. “बसलेय.”